कनिष्ठाला दिलेली कामं

१

हे मी कोणाला सांगायचं नाही, असं आईने बजावलं आहे. शाळेत नाही, खालच्या सोनियादीदीला नाही, फोनवर तर अजिबात नाही. लिहू नको असं मात्र ती म्हणाली नाही. बोलण्यापेक्षा लिहिणं मला बरं जमतं, म्हणून लिहिते आहे.

आम्ही रायपूरच्या तात्यापाऱ्यात पंख्यांच्या एका दुकानाच्या वर राहतो. आई सकाळी ऑफिसच्या बसने नव्या रायपूरला जाते आणि अंधार पडता पडता येते. बाबा सिलतऱ्याच्या एका स्टील कारखान्यात आहेत. त्यांची पाळी बदलत राहते, त्यामुळे ते घरी असले तरी बहुतेक वेळा झोपलेले असतात. दुपारी शाळेतून आल्यावर घरात मी आणि आजोबा, दोघंच. आजोबा रेल्वेतून रिटायर झाले. त्यांचा एक डोळा आधीपासून अधू आहे आणि दुसऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन महालक्ष्म्यांच्या थोडं आधी झालं. ठरावीक वेळी औषधाचे थेंब घालायचे, चहा द्यायचा आणि पेपर वाचून दाखवायचा, ही माझी कामं. वाळलेले कपडे गच्चीवरून आणणं हेही माझंच.

चौघं एकाच वेळी जागे आहोत असं आमच्याकडे क्वचितच होतं. म्हणून आई फ्रिजवर चिठ्ठ्या लावायची. चिठ्ठ्या पडायच्या. एकदा आईने आणि बाबांनी दोघांनीही गॅस बुक केला, आणि आजोबांच्या गोळ्या मात्र कोणीच आणल्या नाहीत. महालक्ष्म्यांसाठी पुण्याहून आलेल्या अभिनवदादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, हे पाहिलं. त्याने सगळ्यांच्या फोनमध्ये कामांचं एक ॲप टाकलं आणि त्याला एआय असिस्टंट जोडून दिला. माझ्या फोनमध्येही टाकलं. माझा फोन म्हणजे आईचा जुना, काच तडकलेला.

"काकू, अब आपको कुछ नहीं करना," दादा म्हणाला. "बसमध्ये बसून फक्त बोलायचं. हा कामं वाटून देईल, आठवण करेल, कोणाला जमत नसेल तर दुसऱ्याला देईल. एकदम मॅनेजर."

"आन् काम कोन करन?" आजोबांनी डोळ्यावरच्या हिरव्या फडक्याआडून विचारलं. "तेबी तोच करते का?"

"नाही आजोबा, ते आपणच."

"मंग काय कामाचा रे तो, बाप्पा!"

सगळे हसले. मीही हसले.

२

महालक्ष्म्या म्हणजे ज्येष्ठा आणि कनिष्ठा. आमच्याकडे दोघींचे पितळी मुखवटे आहेत. ते पेटीतून काढून, घासून, लोखंडी स्टँडवर बसवतात आणि स्टँडला साड्या नेसवतात. साड्या नेसवण्यात आईचा हात कोणी धरणार नाही. एका मापाच्या निऱ्या, खालपर्यंत सरळ. गोंधळ व्हायचा तो सामानात. कोणती नथ कोणाची, कोणता हार कोणाचा, यावरून आई आणि माझी काकू, म्हणजे अभिनवदादाची आई, यांचं दर वर्षी वाजतं.

अभिनवदादाने यावर उपाय काढला. ॲपमध्ये घरातल्या माणसांची नावं होती, तिथेच त्याने आणखी दोन नावं टाकली. ज्येष्ठा. कनिष्ठा. जिचं सामान तिच्या नावाखाली.

"अरे, त्याइले कामं सांगतो का?" आजोबा म्हणाले. "पाहुण्या आहेत त्या. तीन दिसाच्या."

"आजोबा, सिर्फ नाम है. पाहुण्या गेल्या की डिलीट."

पाहुण्या गेल्या. अक्षता टाकून आईने त्यांना निरोप दिला. मुखवटे मलमलच्या कापडात गुंडाळून पेटीत गेले आणि स्टँड माळ्यावर गेले. दादाने ज्येष्ठाचं नाव काढून टाकलं. कनिष्ठाचं निघालं नाही. तिच्या साडीवर तुपाचा डाग पडला होता, ती ड्रायक्लीनला द्यायचं काम बाकी होतं, आणि काम बाकी असेपर्यंत ॲप नाव काढू देत नव्हतं.

"साडी दिली की मी तिकडून काढतो," दादा म्हणाला आणि पुण्याला गेला.

साडी आईने लगेच दिली. नाव काढायचं राहून गेलं.

३

एका दुपारी विज्ञानाच्या प्रॅक्टिकलला मॅडमनी थांबवून घेतलं. वर्गात सगळ्यांनी जाऊ द्या म्हणून आरडाओरडा केला. मी केला नाही, कारण माझा आवाज तसाही कोणाला ऐकू येत नाही. शाळेत फोन नेत नाही, त्यामुळे घरी कळवायचीही सोय नव्हती. आजोबांच्या थेंबांची वेळ टळून गेली होती. मी घाईघाईने जिना चढले.

आजोबा त्यांच्या खुर्चीत मान मागे टाकून बसले होते. थेंब घातल्यावर तसंच बसायचं असतं. गालावरून पाण्याचा ओघळ आला होता. शेजारी चहाचा रिकामा कप होता.

"आजोबा, थेंब कोणी घातले?"

"कोनी म्हंजे? तूच तं घातले. आता काय परत घालतं?"

मला वाटलं, सोनियादीदी येऊन गेली असेल. आत जाऊन फोन पाहिला. थेंब आणि चहा, दोन्हीवर टिक होती. खाली असिस्टंटने लिहिलं होतं: "क्षमा घरी पोचल्याचं दिसत नाही. आजोबांचं औषध चुकू नये म्हणून हे काम कनिष्ठाला दिलं आहे." आणि त्याखाली: "कनिष्ठाने काम पूर्ण केलं."

मी खाली जाऊन सोनियादीदीला विचारलं. ती ब्युटीपार्लरमध्ये जाते, त्या दिवशी तिला सुट्टी होती.

"मैं तो ऊपर गई ही नहीं, बेटा. क्यों, क्या हुआ?"

"कुछ नहीं, दीदी."

मग मी विचार केला, की आजोबांनी स्वतःच घातले असतील. चहाही केला असेल. त्यांना सगळं एकच वाटलं असेल. ऑपरेशन झालेल्या माणसाचं असं होऊ शकतं. फक्त थेंबांची बाटली उंच फळीवर असते, तिथे त्यांचा हात पोचत नाही. बाटली तिथेच होती, बूच घट्ट लावलेली.

४

यानंतर मी उशीर केला नाही. पण माझी कामं आधीच झालेली असू लागली.

गच्चीवर जावं तर दोरी रिकामी. कपडे माझ्या पलंगावर, घड्या केलेले. आपण ओढणीची घडी चौकोनी करतो. या ओढण्या अरुंद, एकावर एक पट्ट्या घालून ठेवल्या होत्या, निऱ्या घालतात तशा. बाबांचे टॉवेलसुद्धा.

"वा, आज लवकर आवरलं," आई बसमधून मेसेज करायची. मी "हो" लिहायचे. हे खोटं होतं. पण नाही म्हटलं तर मग कोणी केलं, हे सांगावं लागलं असतं.

सोनियादीदी एकदा जिन्यात भेटली. हसून म्हणाली, "आज तो छत पर कितनी बातें कर रही थी तू! पहले तो मुँह से आवाज़ नहीं निकलती थी. अच्छा लगा मुझे."

मी त्या दिवशी गच्चीवर गेलेच नव्हते.

तरी हे सगळं मी चालवून घेतलं असतं. कपड्यांचं मला काही वाटत नाही. पण एकदा घरी आले, हातपाय धुतले, पेपर घेऊन आजोबांसमोर बसले आणि पहिली बातमी वाचायला लागले, तर ते म्हणाले, "हे झालं न वं मघाशी. बीरगांवच्या पाण्याचं. पुढं वाच."

पुढचीही झाली होती. सगळाच पेपर झाला होता.

"आज तं तू कमाल केली," आजोबा म्हणाले. "अडकली नाही, का पुटपुटली नाही. मोकळं वाचलं. मी म्हनत होतो न, तुया गळ्यात आवाज आहे. काहून दाबून ठेवत होती इतके साल?"

मी लहान होते तेव्हापासून त्यांना पेपर वाचून दाखवते. शाळेत मला वाचायला उठवलं की शब्द घशात राहतात. आजोबांसमोर राहत नाहीत. राहिले तरी ते थांबतात. "दम घे, गाडी आऊटरले उभी आहे, सिग्नल भेटन," असं म्हणतात. जगात एवढी एकच जागा आहे जिथे मी मोठ्याने बोलते. त्या जागेचं काम दुसऱ्या कोणीतरी केलं होतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं केलं होतं.

"नवा चष्मा आला का पह्यले तुले पाह्यतो," आजोबा म्हणाले. "आवाज बदलला, चेहराबी बदलला का काय, पाहू दे."

५

रविवारी मी आईला सांगितलं. सगळं नाही, जेवढं जमलं तेवढं. बाबा ड्युटीवर होते. आई मेथी निवडत होती.

"म्हंजे कामं होऊन राहिली, आन् तू करून नाही राहिली?"

"हो."

"मंग कोन करून राहिलं?"

मी फोन तिच्यासमोर धरला. तिने नाव वाचलं आणि मेथीची काडी हातात तशीच धरून बसली. मग तिने अभिनवदादाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला.

दादा नुकताच उठला होता. त्याला हसू आवरत नव्हतं. "काकू, टिक तो खुद ही मार रहा होगा! काम क्षमा करते, क्रेडिट कनिष्ठाला देते. यार क्षमा, तू युनियन बना."

"मी नाही करत," मी म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही.

त्याने असिस्टंटला विचारलं, कनिष्ठाला कामं का दिली? उत्तर आईच्या फोनवरही दिसलं. "क्षमाची कामं उशिरा होत होती. कनिष्ठा घरीच असते आणि तिने आजवर एकही काम चुकवलेलं नाही. म्हणून आता क्षमाची सर्व कामं तिच्याकडे आहेत."

"घरीच असते म्हंजे?" आई म्हणाली.

"अरे काकू, कुछ भी लिखता है. थांबा, काढून टाकतो तिला." दादा कॉल चालू ठेवून भरभर बोलला. नाव न घेता बोलला, तिथेच चुकलं. तो म्हणाला, "महालक्ष्म्या संपल्या. ज्या मेंबरकडे आता काही काम नाही, तिला काढून टाक."

"ठीक आहे," उत्तर आलं. "क्षमाला काढलं आहे."

दादा इतका हसला की त्याचा फोन कलंडला आणि आम्हाला पुण्यातलं छत दिसायला लागलं. "अरे तुलाच काढलं! आता तू फ्री, अभ्यास कर."

आई हसली नाही. "परत टाक तिले," ती म्हणाली. "लवकर टाक."

"हो हो." दादाने सांगितलं, क्षमाला परत घे. मग उत्तर आलं: "क्षमा घरात आहेच."

आईने घरातली नावं उघडली. निवेदिता, निरंजन, गंगाधर, क्षमा. आई, बाबा, आजोबा, मी. कनिष्ठा कुठेच नव्हती.

"देखा? मर्ज हो गया," दादा म्हणाला. "दोघींचं एक झालं. काकू, आता काही टेन्शन नाही."

त्याने कॉल ठेवला. मी माझा तडकलेला फोन उघडला. ॲप मला बाहेर काढून बसलं होतं. या घरात यायचं असेल तर घरातल्या कोणीतरी तुम्हाला बोलावलं पाहिजे, असं तिथे लिहिलं होतं.

मी तो आईला दाखवला. तिने आपल्या फोनवरचं माझं नाव पाहिलं, माझ्या फोनवरचं ते वाक्य पाहिलं. मग तिने तिच्या फोनमधून ते ॲप काढून टाकलं, माझ्यातूनही काढलं, आणि उठून देवघराच्या खालच्या, मुखवट्यांच्या पेटीचं कुलूप ओढून पाहिलं. लागलेलं होतं.

"कोनाले सांगू नको," ती म्हणाली. "लोक म्हनतीन पोट्टी एकटी राहू राहू बिघडली. आन् आजोबाले तर नाहीच."

"आई, पण ते नाव?"

"नावानं काय होते?" ती म्हणाली, आणि निवडलेली मेथी पुन्हा निवडायला लागली.

६

ॲप नसल्यामुळे आता सगळं थांबेल, असं मला वाटलं. तसं वाटणं साहजिक होतं. काम सांगायलाच कोणी नाही, तर करणार कोण?

दुसऱ्या दिवशी शाळा वेळेवर सुटली. जिन्याच्या शेवटच्या वळणावर मला वाचण्याचा आवाज आला.

आवाज माझा होता. यात मला शंका नाही. रेकॉर्ड केलेला आपला आवाज परका वाटतो, हा तसा वाटला नाही. डोक्यात ऐकू येतो तसाच तो होता. मी मनात वाचते तेव्हा जसा असतो, न अडखळणारा.

दार अर्धं लोटलेलं होतं. आजोबा खिडकीजवळ बसले होते, मान थोडी तिरकी करून. आवडलं की ते तशी मान करतात. त्यांच्यासमोरच्या खुर्चीची पाठ माझ्याकडे होती. खुर्चीवर पेपर पूर्ण उघडून धरलेला होता, दोन्ही बाजूंनी ताठ. पंख्याच्या वाऱ्याने त्याच्या कडा हलत होत्या. मी त्या कडांकडे बघत राहिले, कारण काहीतरी कमी होतं आणि काय ते कळायला वेळ लागला. धरायला बोटं नव्हती.

मी पाऊल मागे घेतलं. चप्पल वाजली. वाचन थांबलं.

"थांबली काहून?" आजोबा म्हणाले. मग त्यांनी दाराकडे तोंड केलं. "कोन आलं वं दारात? पाह्य बरं जरा."

पेपर खाली येऊ लागला.

मी बाकीचं पाहिलं नाही. खाली उतरले आणि पंख्यांच्या दुकानासमोर उभी राहिले. रस्त्यावर नेहमीची गर्दी होती. दुकानदार भैयाने विचारलं, "क्या हुआ, घर पे ताला है क्या?" मी मान हलवली. त्याचा अर्थ हो की नाही, ते त्यालाही कळलं नसेल.

बऱ्याच वेळाने वर गेले. खुर्ची रिकामी होती. पेपर टेबलावर होता, अरुंद पट्ट्यांची घडी घालून ठेवलेला. आजोबांचा डोळा थेंबांनी ओला होता.

"कोन होतं वं मघाशी?" त्यांनी विचारलं.

माझ्याकडे उत्तर होतं. मी तोंड उघडलं आणि शब्द घशातच राहिले. आजोबा यावेळी दम घे म्हणाले नाहीत. आता त्यांना त्याची सवय राहिली नव्हती.

"कोणी नाही," मी म्हटलं.

७

आईला मी हे सांगितलं नाही. तिने ऑफिसात रजा मागितली आहे, मिळाली नाही. दुपारी सोनियादीदीला वर येऊन बसायला सांगावं का, असं ती बाबांना विचारत होती. बाबा म्हणाले, "काहून? क्षमा असते न घरी."

अभिनवदादाचा मेसेज आला होता, की त्याच्याकडे अजून ॲप चालू आहे आणि आमच्या घराची सगळी कामं वेळेवर होत आहेत, शाब्बास. आईने तो पुसून टाकला.

मी खूप विचार केला आहे. मी घरात उशिरा येते किंवा गप्प राहते, तेव्हाच ती जागा रिकामी होते. म्हणजे मी रिकामी ठेवायची नाही. आजोबांनी हाक मारली की ताबडतोब ओ द्यायची, मोठ्याने. समोरच्या खुर्चीत आधी मी बसायचं. एवढं मला जमलं पाहिजे.

आणि आजच जमलं पाहिजे, कारण बाबांनी सकाळी आजोबांचा नवा चष्मा आणून दिला. त्यांनी तो लगेच लावला नाही. "पेपरच्या टायमाले लावीन," म्हणाले. "पह्यले माया पोट्टीले पाहीन." ते जिला पाहतील तिलाच क्षमा म्हणतील. त्यानंतर मी कितीही मोठ्याने बोलले तरी उपयोग नाही.

आज शाळेला सुट्टी आहे. बाबा आतल्या खोलीत झोपले आहेत. मी स्वयंपाकघरात ओट्याजवळ बसून लिहिते आहे. इथून बाहेरच्या खोलीतली आजोबांची खुर्ची दिसते, समोरची दिसत नाही. वेळ व्हायला अजून थोडा अवकाश आहे, तोवर हे पूर्ण

आजोबांनी हाक मारली. "क्षमा!"

मी ओ दिली. माझ्याने जेवढी मोठ्याने देववते तेवढी दिली. बाबांनी कूससुद्धा बदलली, म्हणजे ऐकू गेली असणार. पण आजोबा माझ्याकडे वळले नाहीत. ते समोर बघून हसतायत, हातात चष्म्याची डबी आहे, आणि म्हणतायत, "हव, अशी उजेडात बस. हालू नको." मी उठते आहे, मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहणार आहे, आणि त्यांनी चष्मा लावायच्या आत जर मी